हवामान स्वच्छ, खेळपट्टी पाटा!

दरवर्षी जानेवारीत आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. मेसच्या थकबाकीची यादी आणि 'कॅल्क्युलेटर हरवला आहे, सापडल्यास रूम नं. २१४' यांच्या बरोब्बर मधोमध. वर लाल स्केचपेनने लिहिलेलं असतं, 'क्रिकेट ०७ हॉस्टेल चषक', आणि खाली नियम. नियम १, फी ५० रुपये, परत मिळणार नाही. नियम २, सामना १० षटकांचा. नियम ३, गेमपॅड ज्याचा त्याने आणावा. आणि नियम ४: 'हवामान स्वच्छ, खेळपट्टी पाटा. यात बदल आढळल्यास सामना पुन्हा खेळवला जाईल.'

हा लेख नियम ४ च्या विरोधात आहे. (रेक्टर सर, आपण हा लेख 'अभ्यासेतर उपक्रम' या सदरात वाचावा ही नम्र विनंती. हे सामने रात्री अकराच्या आत संपतात. बहुतेक वेळा.)

गेल्या वर्षीची सेमीफायनल ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. एका बाजूला सलग दोन वर्षांचा विजेता, मेकॅनिकलचा, कोल्हापूरचा गडी. दुसऱ्या बाजूला फर्स्ट इयरचा एक मुलगा, बुलढाण्याकडचा, जो तोपर्यंत कोणाशी धड चार वाक्यंही बोलला नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत तीस पोरं, एक जण कपाटावर. विजेत्याने नेहमीप्रमाणे पहिल्याच चेंडूला पुढे सरसावून उचलून मारलं. हा त्याचा ब्रह्मास्त्र फटका, आपल्या सगळ्यांनीच तो पाठ केलाय. पण चेंडू सिक्सला न जाता सरळ वर गेला. झेल! पुढचा स्लिपमध्ये. त्याच्या पुढच्याचा त्रिफळा. पाच षटकांत ६ बाद २१.

"आयला, लॅपटॉप हँग होतोय काय रे?" विजेता म्हणाला.

लॅपटॉप ठणठणीत होता. कपाटावरच्याला वरून नीट दिसत असणार, तोच ओरडला, "अरे, आभाळ बघा की!" आभाळ राखाडी होतं. खेळाडूंच्या सावल्या गायब आणि खेळपट्टीवर हिरवळ. सेटिंग लावणाऱ्याने घाईत पडदा नीट वाचलाच नव्हता. तरी सामना पुढे चालू राहिला, कारण मजा येत होती. विजेता ३८ वर ऑल आउट. मग तो फर्स्ट इयरचा मुलगा बॅटिंगला आला. त्याच ढगाखाली, त्याच हिरव्या खेळपट्टीवर. एकही चेंडू उचलला नाही. बॅट खाली, एकेक धाव, बाहेरचा चेंडू सोडून देणं. क्रिकेट ०७ मध्ये चेंडू सोडून देणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. सहा विकेट गमावून त्याने ३९ केल्या. खोली डोक्यावर घेतली पोरांनी.

आणि मग नियम ४ निघाला. निर्णय द्यायला तिघांची समिती होती. त्या तिघांत मी एक होतो. आम्ही कागद वाचला, सामना बाद ठरवला आणि तिथल्या तिथे पुन्हा खेळवला. लख्ख ऊन, पाटा खेळपट्टी. विजेत्याने १६८ ठोकल्या. मुलाने ९० च्या आसपास केल्या, गेमपॅडची वायर गुंडाळली, "ठीक आहे दादा" म्हणाला आणि गेला. त्याचं ते 'ठीक आहे दादा' मला वर्षभर टोचतंय. लेख लिहायचं खरं कारण ते आहे, बाकीचं सगळं नंतर सुचलेलं.

नवीन आलेल्यांसाठी थोडा इतिहास. क्रिकेट ०७ हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला. विकला ईए स्पोर्ट्‌सने, बनवला एचबी स्टुडिओजने, आणि हा स्टुडिओ कुठला, तर कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाचा. म्हणजे जिथे पोरं बर्फावरची हॉकी खेळतात तिथल्या लोकांनी आपल्याला लेग ग्लान्स शिकवला. कॉमेंट्रीला मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. बेनॉ २०१५ साली गेले, पण आपल्या बी विंगमध्ये रोज रात्री बोलतात. परवाना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या संघांचा होता, त्यामुळे मूळ गेममध्ये आपल्या खेळाडूंची नावं वाकडीतिकडी करून टाकलेली. ईएने त्यानंतर क्रिकेटचा गेम काढलाच नाही. नंतर ऑस्ट्रेलियाच्या बिग अँटने २०१४ मध्ये डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ आणला, २०२३ मध्ये क्रिकेट २४ आला. ते दिसायला भारी आहेत यात वाद नाही. पण त्यांना लॅपटॉप तसा लागतो. आपल्याकडे सीनियरकडून ज्युनियरकडे वारशाने आलेले लॅपटॉप, ज्यांच्या दोन की निघालेल्या असतात आणि बॅटरी शोभेपुरती. त्यावर पळणारा एकमेव देखणा क्रिकेट गेम म्हणजे क्रिकेट ०७. म्हणून तो अजून जिवंत आहे.

जिवंत आहे तो आणखी एका कारणाने: पॅच. जगभरच्या हौशी लोकांनी या गेमला इतकी वर्षं नवे कपडे शिवलेत. नव्या जर्सी, नवे चेहरे, बॅटवरचे स्टिकर, आयपीएलचे संघ. आमच्या रूममधल्या लॅपटॉपवर वैभव सूर्यवंशीसुद्धा आहे. त्याचा जन्म २०११ चा, म्हणजे गेम त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा! आमचा रूम पार्टनर तर एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून कोहलीच्या ग्लोव्हजचा रंग बरोबर करत बसला होता. का रे बाबा? तर म्हणे, "रिअल वाटलं पाहिजे ना."

मला नेमकं इथेच अडतं. ग्लोव्हजचा रंग रिअल पाहिजे, आभाळ मात्र कायम निळं! जर्सीवरचा स्पॉन्सर यंदाचाच पाहिजे, खेळपट्टी मात्र सिमेंटच्या रस्त्यासारखी. जुलै-ऑगस्टमध्ये तर फारच विनोदी प्रकार असतो. बाहेर धो धो पाऊस, ग्राउंडचा चिखल झालेला, कपडे चार दिवस वाळत नाहीत, म्हणून आपण खोलीत बसून गेम लावतो. आणि गेममध्ये काय निवडतो? 'सनी'.

तुम्ही म्हणाल, गेमच तो, त्यात काय एवढं? तर मग गेम सोडा, आपल्या शेजारचं खरं मैदान बघू. निगडीहून निघालं, देहूरोड ओलांडलं की एक्स्प्रेस वेच्या कडेला गहुंज्याचं स्टेडियम. २०१२ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला तिथे भारत-इंग्लंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिथे घसा फोडलाय. याच मैदानाची एका वर्षातली कुंडली मांडतो.

९ फेब्रुवारी २०१६, श्रीलंकेविरुद्ध टी-ट्वेंटी. खेळपट्टीवर गवत. कसुन रजिता नावाचा बोलर, पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, आणि पहिल्याच षटकात रोहित शर्मा व अजिंक्य रहाणे दोघेही परत. भारत सर्व बाद १०१, त्यातही सर्वांत जास्त धावा अश्विनच्या, नाबाद ३१. श्रीलंका जिंकली. पुढे १५ जानेवारी २०१७, इंग्लंडविरुद्ध वन-डे. इंग्लंडच्या ३५०. आपण ४ बाद ६३. सामना गेला म्हणून लोक उठायला लागले असतील, तेवढ्यात विराट कोहलीने १२२ आणि आपल्या पुण्याच्या केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० केल्या आणि आपण ११ चेंडू राखून जिंकलो. आणि त्यानंतर फक्त ३९ दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, पुण्यातली पहिलीवहिली कसोटी. समोर ऑस्ट्रेलिया. फिरकीचा आखाडा. आपण १०५ आणि १०७! पहिल्या डावात शेवटच्या सात विकेट ११ धावांत. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ अशा एकूण १२ विकेट काढल्या. ३३३ धावांनी हार, तीही तिसऱ्याच दिवशी. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीला 'पूअर' शेरा दिला. (आमच्या एम-३ च्या पेपरलाही असाच शेरा मिळाला होता, पण त्याची बातमी झाली नाही.)

एकच मैदान. हिरवं, पाटा आणि आखाडा, तिन्ही रूपं सव्वा वर्षाच्या आत. पुढेही तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोहलीच्या नाबाद २५४ आणि डावाने विजय. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने त्याच गहुंज्यात १३ विकेट काढल्या, आणि २०१२ नंतर पहिल्यांदा आपण घरच्या मैदानावर कसोटी मालिका हरलो. त्यासुद्धा सामन्यात तिसऱ्या दिवशी खेळ खल्लास.

यातली एक गोष्ट नीट बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाऊस नव्हता. आपल्याकडचा फेब्रुवारी म्हणजे कोरडं ऊन. म्हणजे आपल्या नियम ४ मधलं 'हवामान स्वच्छ' तिथे होतं! पण उन्हाने माती सुकते, भुगा होते, बूट घासले जातात तिथे खळगे पडतात आणि चेंडू हातभर वळतो. ऊन म्हणजे बॅट्समनची मजा, हे समीकरण गेमच्या पडद्याने आपल्या डोक्यात बसवलंय. खऱ्या क्रिकेटमध्ये ऊनसुद्धा कोणाच्या तरी बाजूने असतं.

दवाचंही तसंच. डिसेंबरात पहाटे बाइक काढून देहूरोडला गेलात तर सीट ओलीचिंब असते, रुमालाने पुसावी लागते. हाच ओलावा रात्रीच्या सामन्यात चेंडूवर बसला की स्पिनरची बोटं घसरतात, टॉवेल खिशाला लटकवावा लागतो, आणि टॉस जिंकणारा कॅप्टन डोळे मिटून 'आधी बोलिंग' म्हणतो. आमच्या गेममध्ये इतके रात्रीचे सामने खेळलो, पण कधी कोणाचा चेंडू ओला झाला नाही.

आता थोडं फ्लुइड मेकॅनिक्स. सर, हा परिच्छेद आपल्यासाठी, इंटर्नलचे मार्क देताना लक्षात असू द्यावा.

ढगाळ हवेत चेंडू जास्त स्विंग होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कॉमेंटेटर सांगतात, गल्लीतले काका सांगतात, आणि गेममध्ये ओव्हरकास्ट लावलं की स्विंग वाढतो अशी आपल्या हॉस्टेलची ठाम श्रद्धा आहे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "हवा दमट असते ना, जड होते." इथेच पहिली विकेट पडते. दमट हवा जड नसते, हलकी असते! पाण्याच्या वाफेचा रेणुभार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. बारावीचं केमिस्ट्री. वाफ आत आली की हवेची घनता थोडी कमीच होते.

मुळात स्विंग होतो कसा? चेंडूची शिवण थोडी तिरकी, सुमारे २० अंशांत धरून टाकली की एका बाजूला हवेचा पातळ थर शिवणीला अडखळतो आणि टर्ब्युलंट होतो. दुसऱ्या बाजूचा गुळगुळीत, लॅमिनारच राहतो. टर्ब्युलंट थर चेंडूला जास्त वेळ चिकटून मागे सरकतो, लॅमिनार आधीच सुटतो. दोन्हीकडचा दाब वेगळा, म्हणून चेंडू बाजूला ढकलला जातो. लॅबमध्ये आपण बाउंडरी लेयरच्या प्रयोगात ट्रिप वायर लावतो ना, तीच ही शिवण. यावर सर्वांत जास्त काम केलं ते रबींद्र मेहता यांनी. अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात वायुगतिकीचे शास्त्रज्ञ, आणि शाळेत असताना इम्रान खानबरोबर क्रिकेट खेळलेले. विंड टनेलमध्ये चेंडूवरचे जोर मोजल्यावर त्यांना दमटपणाचा स्विंगवर काही म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. २०१२ मध्ये शेफील्डच्या संशोधकांच्या एका गटाचा शोधनिबंध आला, त्यातही दमटपणाशी संबंध लागला नाही. मग बोलरना ढगाखाली स्विंग का मिळतो? त्यांनी मांडलेली शक्यता अशी की कडक उन्हात जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि खेळपट्टीवरची हवा ढवळून निघते. त्या ढवळण्याने गुळगुळीत बाजूचा लॅमिनार थर बिघडतो. ढग आले की जमीन कमी तापते, हवा शांत राहते आणि शिवणीचं काम निर्वेध चालतं. म्हणजे ढग स्विंग देत नसावेत, ऊन तो काढून घेत असावं.

मला हे वाचून फार मजा वाटली. वीस वर्षांपूर्वी कॅनडातल्या एका खोलीत कुणीतरी 'ओव्हरकास्ट' हा शब्द मेनूत टाकला, तेव्हा तिथे काय गणित बसवलं असेल? आपली श्रद्धा खरी असेल तर बाउंडरी लेयर नक्कीच नाही. स्विंगचा एक आकडा वाढवला असेल, बस्स. कॉमेंटेटरचं मत प्रोग्राममध्ये लिहिलं असेल. तरीसुद्धा माझं म्हणणं असं की ते चुकीचं गणितही नियम ४ पेक्षा खऱ्याच्या जवळ आहे. कारण त्यात निदान एवढं तरी मान्य केलंय की वर आभाळ आहे आणि त्याचा खाली फरक पडतो.

आणि पाऊस? क्रिकेटने पावसाचा जितका हिशेब ठेवला तितका दुसऱ्या कुठल्या खेळाने ठेवला असेल असं मला वाटत नाही. २२ मार्च १९९२, सिडनी, वर्ल्ड कपची सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या, बारा मिनिटं पाऊस पडला, आणि शेवटी १ चेंडूत २१! (मैदानावरच्या फलकावर तर २२ च दिसत होत्या.) त्या फजितीनंतर फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुइस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी असा विचार केला की संघाकडे उरलेली षटकं आणि उरलेल्या विकेट, दोन्ही मिळून त्याचं भांडवल. पावसाने नेमकं किती भांडवल वाहून नेलं ते काढा, आणि लक्ष्य तेवढ्याने बदला. १ जानेवारी १९९७ ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. २०१४ पासून त्यात स्टीव्हन स्टर्न यांचंही नाव जोडलं गेलं. आपल्याकडे केरळच्या व्ही. जयदेवन यांनी याला पर्याय म्हणून स्वतःची पद्धत काढली, आणि ती भारतातल्या देशी स्पर्धांत वापरलीही गेली. हे जयदेवन कोण? सिव्हिल इंजिनियर! सिव्हिलवाल्यांना 'तुमचं काय, विटा मोजा' म्हणून चिडवणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांनी ही नोंद घ्यावी.

२०१९ ची मँचेस्टरची सेमीफायनल आपण सगळ्यांनी शाळकरी वयात पाहिली. ९ जुलैला पाऊस आला, सामना १० तारखेवर गेला, रोहित, राहुल, कोहली तिघेही १ धाव करून परत, आणि १८ धावांनी आपण बाहेर. त्या रात्री जेवलो नव्हतो. पण 'पाऊस आला होता, सामना पुन्हा पहिल्यापासून खेळवा' असं कोणी म्हटलं नाही. म्हणणार तरी कोणाला?

आपल्या हॉस्टेलात पाऊस नाही, पण गुरुवार आहे. महावितरणची दुरुस्ती म्हटलं की गुरुवार, हे या पट्ट्यात बालवाडीतल्या मुलालाही माहीत असतं. दोन वर्षांपूर्वी क्वार्टर फायनल अशीच सातव्या षटकात गेली. लॅपटॉपची बॅटरी शोभेची, पडदा काळा. तेव्हा आयटीच्या एका हुशार मुलाने मोबाइलवर डकवर्थ-लुइसचा तक्ता काढून निकाल लावला होता, आणि हरलेल्यानेही कुरकुर न करता मान्य केला. म्हणजे वीज गेली तर आपण शहाण्यासारखं वागू शकतो. ढग आले की मात्र सामना बाद!

नियम ४ च्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते लपवत नाही. तो केला त्या सीनियर्सचा हेतू चांगला होता. त्यांच्या वेळी जो तो आपल्या लॅपटॉपवर आपल्याला सोयीची खेळपट्टी लावून ठेवायचा आणि पाहुण्याला फसवायचा. म्हणून सगळ्यांना एकच, असा नियम आला. शिवाय दहा षटकांच्या सामन्यात हिरवी खेळपट्टी म्हणजे कधी कधी निव्वळ नशीब, हेही खरं. पण 'सगळ्यांना एकच' आणि 'सगळ्यांना सोपं' यात फरक आहे. त्या सेमीफायनलमध्ये दोघांनाही तेच ढग होते, तीच हिरवळ होती. एकाला तिच्यावर खेळता आलं, एकाला नाही. यात अन्याय कुठे झाला होता? अन्याय झाला तो नंतर, आम्ही ऊन लावलं तेव्हा. कारण पाट्यावर एकच गोष्ट तपासली जाते, ती म्हणजे उचलून मारणं, आणि त्यात विजेता आपल्या सगळ्यांचा बाप आहे. चेंडू सोडता येतो का, एक धाव काढता येते का, खराब दिवशी ४० धावांत सामना जिंकता येतो का, याला आपल्या स्पर्धेत मार्कच नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी चाकणला एका गाडीच्या कारखान्यात सहा आठवडे ट्रेनिंग केलं. लाइनीच्या शेवटी एक बोगदा असतो. तयार झालेली प्रत्येक गाडी त्यात जाते आणि चारी बाजूंनी पाण्याचे फवारे बसतात. मग एक काका दिवा घेऊन आत शिरतात, कार्पेट चाचपतात, दाराच्या रबराखाली बोट फिरवतात. मे महिना, बाहेर चाळीसच्या घरात तापमान, पावसाचा पत्ता नाही, आणि आत प्रत्येक गाडीसाठी पाऊस. मी त्या काकांना विचारलं, "काका, सगळ्या गाड्या कशाला? नमुन्याला चार-पाच बघितल्या तर?" ते म्हणाले, "ज्याच्या पायाशी पाणी येईल तो नमुना म्हणून थोडाच ऐकून घेणार हाय?" आणि पुढच्या गाडीत शिरले.

मला तेव्हा त्या मुलाची आठवण आली. त्याची गाडी पावसात तपासून, न गळता बाहेर आली होती, आणि आम्ही म्हणालो होतो की पाऊस नियमात बसत नाही.

तर यंदाच्या समितीपुढे प्रस्ताव ठेवतो. एका डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. खेळपट्टीच्या वेगळ्या, हवामानाच्या वेगळ्या, पडद्यावर जेवढे पर्याय आहेत तेवढ्या. सामन्याआधी दोन्ही खेळाडूंसमोर तिसऱ्यानेच एकेक चिठ्ठी काढायची. आधी चिठ्ठी, मग टॉस. उलटं नको, कारण खऱ्या कॅप्टनला खेळपट्टी बघून टॉसला जायला मिळतं, आणि चिठ्ठी बघून 'आधी काय घ्यायचं' हे ठरवणं हाच अर्धा खेळ आहे. सेटिंग समितीने लावायचं, आणि दोघांनी पडदा मोठ्याने वाचल्यावरच सुरुवात. फायनल एका सामन्यात न उरकता तीन सामन्यांची करावी, म्हणजे नशिबाची तक्रार कमी होईल. एवढं झालं की नियम ४ वर काट मारायची. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी बी विंग, दुसरा मजला इथे यावं, पण गुरुवारी नको.

हा लेख संपादकांकडे द्यायच्या आदल्या दिवशी मी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. आता तो सेकंड इयरला आहे, दाढीबिढी आलीय. म्हटलं, गेल्या वर्षी आमचं चुकलं, तू सामना जिंकला होतास. तो लाजला. "जाऊ द्या ना दादा, जुनी गोष्ट हाय," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "एक टाकता का?" त्याने लॅपटॉप उघडला, दुसरा गेमपॅड माझ्याकडे सरकवला आणि मेनूवर बोट ठेवून विचारलं, "हवामान काय ठेवू?"

"तुला पाहिजे ते ठेव," मी म्हणालो.

मी ४४ वर ऑल आउट झालो.